बदलीचा माणूस आणि बँकेची आपुलकी

परमुलुखात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींत माणसाची प्रतिष्ठा ज्या गोष्टींवरून ठरते, त्यांत अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. हुद्दा, क्वार्टरचा टाइप आणि मुलांची शाळा यांच्या जोडीला आता बँकेतला 'आपला माणूस' येऊन बसला आहे. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा कोजागरीच्या बैठकीत एखादे गृहस्थ सहज बोलल्यासारखे दाखवून सांगतात, "आम्हांला बँकेत जावे लागत नाही; आपला माणूस आहे, तोच घरी येऊन सगळे करून जातो." ऐकणारे मान डोलावतात आणि आपल्याला असा माणूस कधी मिळेल, याचा मनाशी हिशेब करू लागतात.

या 'आपल्या माणसा'चे बँकेतील नाव रिलेशनशिप मॅनेजर. नाते सांभाळणारा कारभारी, असा त्याचा सरळ अर्थ होतो. ज्या योजनेखाली तो मिळतो तिला कोठे प्रायव्हेट बँकिंग, तर कोठे प्रायॉरिटी बँकिंग म्हणतात. मुळात कोट्यधीशांसाठी असलेली ही सोय पायरीपायरीने खाली उतरत आता पगारदारांच्या दारापर्यंत आली आहे, आणि तिची जाहिरात बहुधा आमच्यासारख्या बदलीच्या माणसांना उद्देशूनच असते. आपण कामात गढलेले, शहर नवे, ओळखपाळख नाही, हाताशी वेळ नाही. तेव्हा आपली काळजी आम्ही वाहतो, असा तिचा सूर असतो.

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. बदलीच्या माणसाला बँकेच्या आपुलकीची मुळीच गरज नाही. त्याला गरज आहे ती नियमाप्रमाणे चालणाऱ्या खिडकीची. आणि आम्हांस तर असे दिसते की, जी गोष्ट खिडकीवर कोणालाही हक्काने मिळावयास हवी, तीच तेथे अडवून आतल्या खोलीत मेहेरबानी म्हणून देणे, याला हल्ली वैयक्तिक सेवा असे नाव पडले आहे.

हे पटण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. ओळखीवर चालणारी सावकारी आपल्या देशाला नवी नाही. पुण्याहून काशीस निघालेला यात्रेकरू येथील पेढीवर पैसे भरून हुंडी घेई आणि तिकडच्या पेढीवर ती वटवी. दाखवताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी द्यावयाचे ती मुदती हुंडी. यांतच शाहजोग नावाचा एक प्रकार होता. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या 'शाहा'च्याच हाती पडावयाचे, वाटेल त्याच्या नव्हे. व्यवस्था मोठी हुशारीची होती, यात शंका नाही. पण तिचा पाया ओळख हा होता. ज्याचे घराणे, गाव आणि पत पेढीला ठाऊक, त्याचे काम चटकन होई. ज्याला ओळख नाही त्याने दारात बसून राहावे. त्या जुन्या पेढीची आठवण काढून आज जे उसासे टाकतात, त्यांनी आपला खापरपणजा गादीवर बसत होता की दारात, याची आधी खात्री करून घ्यावी.

विसाव्या शतकात बँकेच्या कारभारात जी खरी सुधारणा झाली, ती म्हणजे ही ओळखीची अट सैल होणे. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० साली आणखी ६ बँकांचे. राष्ट्रीयीकरणाचे दोष कित्येक सांगता येतील. पण ज्याने बँकेची पायरी कधी चढली नव्हती, तो माणूस खिडकीसमोर उभा राहून स्वतःच्या नावाचे पासबुक मागू लागला, हे कोणास नाकारता येणार नाही. ठेवीच्या विम्याचीही कथा अशीच आहे. १९६० साली केरळातील पालई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या. त्यातून ठेवविम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून त्याचे महामंडळ कामास लागले. प्रत्येक ठेवीदारामागे १,५०० रुपये ही प्रारंभीची मर्यादा. ती वाढत वाढत ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. हा विमा ठेवीदाराला विचारीत नाही की तुमचा बँकेत माणूस कोण. सचिवाला जेवढा तो लागू, तेवढाच शिपायाला. आमच्या मते बँकेच्या सभ्यतेचे हेच माप आहे.

आता बदलीच्या माणसाची अवस्था पाहू. केंद्र सरकारच्या नोकराची बदली झाली की त्याचे बिऱ्हाड हलवण्याचा विचार सरकारने बारकाईने केलेला आहे. सातव्या वेतन आयोगानंतर ठरलेल्या नियमांत मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके एकत्रित बदली अनुदान आहे. चौथ्या पातळीपर्यंतच्या आमच्यासारख्या कारकुनाने १,५०० किलो सामान न्यावे, हेही त्यांत लिहिले आहे. म्हणजे आमच्या पलंगाचे आणि भांड्यांचे वजन सरकारला ठाऊक आहे. पैशाचे स्थलांतर तर याहून सोपे झाले आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू आहे. २०१६ साली आलेल्या यूपीआयने भाजीवाल्याला दहा रुपये देणेही बोटाच्या टोकावर आणले. ज्या काळी नव्या गावी पोचल्यावर डिमांड ड्राफ्ट वटण्याची वाट पाहत उसनवारीवर दिवस काढावे लागत, तो काळ संपला. सर्व शाखांची खाती आता एकाच यंत्रणेवर असतात. शाखा ही नुसती पाटी उरली आहे.

मग अडते कोठे? अडते ते पत्त्यापाशी. पैसा क्षणात हजार मैल जातो. माणूस मात्र आपण नव्या घरी राहावयास आलो आहोत, हे सिद्ध करता करता थकतो. घरमालक करार नोंदवून देत नाही, विजेचे बिल त्याच्या नावे, आधारवर जुना पत्ता. आणि पत्ता बदलल्यावाचून धनादेश-पुस्तक येत नाही, नवे कार्ड जुन्या शहरी जाते, केवायसी अपुरी म्हणून खाते थांबवण्याचे इशारे येऊ लागतात.

यावर नियम नाहीत असे मात्र नाही, आणि हीच खरी संतापाची गोष्ट आहे. खाते उघडताना वा केवायसी ताजी करताना कायमचा किंवा सध्याचा असा एकाच पत्त्याचा पुरावा पुरे, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१४ मध्येच बँकांना कळवले. माहितीत बदल नसेल तर नुसते स्वयंघोषणापत्र पुरेसे, आणि फक्त पत्ताच बदलला असेल तर ग्राहकाने नवा पत्ता कळवावा व पडताळणी बँकेने दोन महिन्यांच्या आत आपण होऊन करावी, असे ५ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा स्पष्ट केले. याहून आम्हां सरकारी नोकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट पुढेच आहे. ज्याच्या ओळखपत्रावर नवा पत्ता नसेल, त्याने केंद्र किंवा राज्य सरकारच्या खात्याने दिलेले निवासस्थान-वाटपाचे पत्र दाखवले तर ते पत्त्यापुरते ग्राह्य धरावे, आणि नव्या पत्त्याचे ओळखपत्र तीन महिन्यांच्या आत आणून द्यावे, अशी तरतूद केवायसीच्या नियमांतच आहे. बदलीच्या माणसाची सोय याहून आणखी कोणी काय करावयाची?

पण नियम कागदावर असणे निराळे आणि खिडकीवर असणे निराळे. हैदराबादहून आमची बदली कोलकात्यास झाली, तेव्हा क्वार्टरच्या वाटपाचे पत्र घेऊन आम्ही एका बँकेच्या शाखेत गेलो. ते चालत नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेस संबंधित इसम रजेवर होता. तिसऱ्या खेपेस आधार बदलून आणा, असे सांगण्यात आले. प्रत्येक खेपेस अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा खर्ची पडली. याच सुमारास वडिलांच्या पश्चात वाटणीला आलेली थोडी रक्कम आमच्या त्याच खात्यात जमा झाली, आणि चार दिवसांत फोन आला. पलीकडून शुद्ध मराठीत एक तरुण बोलत होता. पहिल्या वाक्यात आम्ही 'सर' होतो, तिसऱ्या वाक्यात 'दादा' झालो. पत्त्याचे काम अडले आहे का? मग उद्या घरी येतो. तो आला, जे पत्र तीनदा नाकारले होते त्याचीच छायाप्रत घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी पत्ता बदलला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्या पिशवीतून विम्याच्या योजनेचे माहितीपत्रक निघाले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. कागद तोच, नियम तोच, बँक तीच. बदलली होती ती फक्त आमची शिल्लक. आमचा पत्ता ज्या बँकेला महिनाभर समजेना, तिला आमची शिल्लक मात्र रुपया-पैशासह ठाऊक होती. शाहजोग हुंडीतला 'शाहा' आणि आजचा प्रायॉरिटी ग्राहक यांत मग फरक काय उरला? जुन्या पेढीला निदान आपल्या घराण्याची माहिती असे. या नव्या पेढीला केवळ आकड्याची आहे.

त्या तरुणाविषयी आमच्या मनात राग नाही. तोही घरापासून दूर, महिन्याच्या उद्दिष्टाचे ओझे डोक्यावर घेऊन फिरणारा मुलगा. आम्ही विमा घेतला नाही तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पुढे तीन महिन्यांत त्याच्या जागी दुसरा आला आणि त्याने आम्हांस पहिल्यापासून 'सर' म्हणावयास सुरुवात केली. नाते सांभाळणाऱ्याचीच जेथे एवढ्या लवकर बदली होते, तेथे नाते कोणाशी जुळावयाचे? खिडकीमागच्या कारकुनाविषयीही आमची तक्रार नाही. तो आमचाच भाऊबंद आहे. माणसे थोडी, काम फार, आणि त्यातून खिडकीवर बसल्याबसल्या योजना खपवण्याचा तगादा. दोष आहे तो खिडकीवरची सेवा कमी करून आतल्या खोलीतील सेवा वाढवणाऱ्या धोरणाचा.

कोणी म्हणेल, ज्याला वेळ नाही त्याने चार पैसे अधिक देऊन सोय विकत घेतली, तर तुमचे काय गेले? आमचे पहिले उत्तर असे की, ते चार पैसे तो उघडपणे देतच नाही. वकिलाची वा डॉक्टरची फी माणूस हातावर ठेवतो, म्हणून ती किती हे त्याला कळते. 'आपल्या माणसा'ची फी तो जे विकतो त्याच्या पोटात दडलेली असते. म्युच्युअल फंडांचेच पाहा. मध्यस्थाचे कमिशन नसलेली 'डायरेक्ट' योजना १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येकाला खुली आहे. बँकेमार्फत घेतलेली योजना बहुधा 'रेग्युलर' असते, आणि तिच्या खर्चात कमिशन मिळवलेले असते. हा फरक वर्षाला एक टक्का आहे असे केवळ हिशेबासाठी धरू. दरमहा ५,००० रुपये २० वर्षे गुंतवले आणि परतावा १२ टक्क्यांनी धरला, तर सुमारे ४९ लाख होतात. ११ टक्क्यांनी धरला तर सुमारे ४३ लाख. म्हणजे दोनचार वेळा घरी येऊन पत्ता बदलून देणाऱ्या आपुलकीची किंमत ६ लाख रुपये पडली! कारकुनाच्या निवृत्तीच्या वेळी ६ लाख म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. आमचे काय गेले, याचे उत्तर रांगेत उभे राहिल्याशिवाय मिळावयाचे नाही. ज्यांच्या शब्दाला वजन आहे, असे अधिकारी रांगेतून निघून आतल्या खोलीत गेले, की रांगेच्या वतीने बोलणारा कोणी उरत नाही. संयुक्त सचिवांना जर त्याच खिडकीवर तीनदा परत पाठवले असते, तर चौथ्या दिवशी ते निवास-वाटपाचे पत्र सबंध शाखेत सर्वांना चालू लागले असते. सोय विकत घेणारा केवळ स्वतःचा वेळ वाचवीत नाही. सुधारणेची गरजही तो संपवून टाकतो. रेल्वेच्या आरक्षणात आणि सरकारी रुग्णालयात आपण हेच पाहिले आहे.

आणि नाते सांभाळणारा कारभारी खरोखरच नाते सांभाळीत असता, तर त्याने बदलीच्या माणसाला आधी काय विचारले असते? मागे कोणकोणत्या गावी आपली खाती राहिली आहेत, हे विचारले असते. प्रत्येक नव्या कचेरीच्या सांगण्यावरून आपण नवे खाते उघडतो आणि जुने तसेच टाकून पुढे जातो. त्यात दोन वर्षांत व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी मागणी केली नाही तर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली स्थापन झालेल्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. ती परत मागता येते, आणि कोणत्या बँकेत आपले काय पडून आहे हे शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये उद्गम नावाचे पोर्टलही निघाले. पण हे सांगावयास कोणीही पिशवी घेऊन आमच्या घरी आलेला नाही. कारण उघड आहे: विसरलेली ठेव शोधून देण्यावर कमिशन नसते.

शेवटी एक गोष्ट भाषेची. मुलुखाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या कानावर फोनवरून अवचित मराठी पडली की त्याचे अर्धे शहाणपण तेथेच विरघळते. हे बँकांना पुरते कळले आहे, म्हणूनच आपल्या आडनावाकडे पाहून फोन करणारा निवडला जातो असा आमचा दाट संशय आहे. ज्या मराठीसाठी आपण वर्गणी गोळा करून ग्रंथालये चालवतो आणि असली मासिके काढतो, तिचा उपयोग आमिष म्हणून व्हावा आणि आपण तो होऊ द्यावा, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. मराठीत बोलला म्हणून कोणी आपला होत नाही. ज्या कागदावर सही करावयाची तो कोणत्या भाषेत आहे, तेवढे पाहावे.

मग करावे काय? पत्ता बदलण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. नियम ठाऊक असलेल्या माणसाला लेखी नकार देणे सहसा कोणाला जमत नाही. बँकेकडे तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे; ही व्यवस्था १९९५ पासून चालत आलेली आहे आणि तिला खर्च पडत नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये जी ग्राहक-हक्कांची सनद काढली, तिच्या पाच हक्कांत ग्राहकाला योग्य तेच विकले जाण्याचा हक्कही आहे. तेव्हा घरी आलेल्याला, यात तुमच्या बँकेचे कमिशन किती, हे निःसंकोच विचारावे. भिडेपोटी विमा घेतलाच गेला असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत तो परत करता येतो.

आणि आपुलकीचे म्हणाल, तर ती देण्याची जागा बँक नव्हे. ते काम आपल्या मंडळांचे आहे. नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाला कोणते कागद कोठे चालतात हे सांगणारा एक माणूस, आणि अडल्यास त्यांच्याबरोबर शाखेत जाणारा दुसरा, एवढी व्यवस्था प्रत्येक मंडळाला सहज करता येईल. अधिकारीवर्गाने मनावर घेतले तर कचेरीच्या फलकावर निवास-पत्राचा नियम लावण्यास एक टाचणी पुरेल. बँकेकडे आपण फक्त हिशेब मागावा आणि नियमाचे पालन मागावे. तेवढे तिने प्रत्येकासाठी नीट केले, तर कोणाच्याही घरी कोणी येण्याची गरज पडणार नाही.